मिटवून घे म्हणालात, वकीलबाई

वकीलबाई, मला तुम्ही मदत केलीत. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते. पुढचं वाचून कुणी म्हणायला नको की परभणीकडची ही बाई उपकार विसरली. कुमुद वकील नसत्या तर आज माझी मशिनं माझी राहिली नसती, आणि कंपनीच्या गेटवर माझ्या नावाचा पास निघाला नसता. झालं? आता मला तुमच्यावर चिडू द्या.

महिला मंडळ तुमची स्मरणिका काढतंय. अध्यक्षीणबाई मला म्हणाल्या, "गोदावरीबाई, तुम्ही चार चांगले शब्द लिहा." चांगल्या शब्दांचा तुटवडा नाही इथं. परवाच्या शोकसभेत ऐकले सगळे. अबलांचा आधार काय, मायेची सावली काय! माया? तुमच्या खोलीत आलेल्या बाईला तुम्ही बस म्हणत नव्हतात. चहा तर सोडाच. मी पहिल्यांदा आले तेव्हा तुम्ही चष्म्यावरून बघून विचारलं होतं, "रडायचंय की बोलायचंय? रडायचं असेल तर जिन्यात रडून ये, तिथं वारा आहे."

खरं सांगू का, तुम्ही गेल्याचं ऐकून मला आधी रडू आलंच नाही. राग आला. मरायची ही काय वेळ झाली? कासारवाडीला स्टेशनच्या मागं ज्या खोलीत माझी मशिनं आहेत, तिचे मालक तात्या तुम्ही जायच्या आदल्याच दिवशी दारात येऊन उभे राहिले. गावातले जुने, धोतरवाले, गोड बोलणारे. म्हणाले, "बाई, पुतण्याला जागा पायजे. तुमी काय परक्या हाय का? कोर्टकचेरी कशाला, आपसात मिटवून घिऊ."

मिटवून घेऊ! हा शब्द ऐकला आणि मी हातातलं शिवण टाकलं. तशीच धावत दवाखान्यात आले तुमच्याकडे. तुमचे डोळे मिटलेले. नर्स म्हणाली, आता कुणाशी बोलत नाहीत, उद्या या. दुसऱ्या दिवशी आले तर कॉट मोकळी होती. म्हणजे पुन्हा जागा सोडायची की या खेपेला भांडायचं, हा प्रश्न माझ्याच पदरात टाकून तुम्ही मोकळ्या झालात. तुमच्याशी एक भांडण आधीचंच शिल्लक होतं, ते वेगळं.

ते भांडण इथल्या बायकांना नीट ठाऊक नाही. म्हणून लिहिते.

मी सहावीतून शाळा सोडलेली बाई. लग्न झालं आणि नवऱ्याच्या मागं पिंपरीत आले. हे फाउंड्रीत, तीन शिफ्ट. घरी आले की तळहात भाजलेले असायचे. कंपनी हातमोजे द्यायची, पण ते तळव्यावरच फाटायचे. मी जुन्या ताडपत्रीचा दुहेरी तळवा लावून, अंगठा वेगळा बेतून एक जोड शिवला. तो यांच्या स्टोअरकीपरनं बघितला आणि विचारलं, "अशी आणखी मिळतील का?" तिथून धंदा सुरू झाला. मी काही उद्योजिका वगैरे व्हायला निघाले नव्हते. हा शब्दही मंडळात आल्यावर कळला.

आणि चूक तिथंच झाली. पहिलं जड मशीन घ्यायला मी पिंपरी कॅम्पातल्या सिंधी शेठच्या दुकानात गेले. हे शिफ्टला. शेठनं बिलबुक उघडलं. "भाभी, नाव कोणाचा टाकू?"

माझी जीभच उचलेना. यांचं नाव कसं घेणार? आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. माझी आई रेशनच्या दुकानातही ‘आमच्या घरचे’ म्हणायची आणि दुकानदार ओळखून लिहायचा. इथं मला ओळखणारं कोण होतं? आणि माझं स्वतःचं नाव सांगावं हे तर सुचलंसुद्धा नाही. मशिनीच्या बिलावर बाईचं नाव असतं का कुठं? शेठ पेन धरून बसलेला. मी पटकन सांगून टाकलं, "मधुकर." माझा धाकटा दीर. त्याचं नाव घ्यायला बंदी नव्हती. शेठनं लिहिलं, श्री. मधुकर अमुकतमुक, हस्ते सौ. गोदावरी.

मग तेच नाव शेडच्या भाडेपावतीवर गेलं, तेच परवान्यावर, तेच कंपनीच्या दप्तरात. मधुभाऊजी दहावी झालेले, टेरिलीनचा शर्ट घालून शेडमध्ये टेबलाशी बसायचे. मी शिवायची. माझ्या बरोबर हौसाबाई शिवायची, कासारवाडीच्या शेतकऱ्यांच्या घरातली. ती एकदा म्हणाली होती, "गोदे, ह्यो बसतोय कशाला गं? बुजगावणं तरी पाखरं हाकलतं." मी हसले होते. घरचाच माणूस, म्हटलं. माझ्या हातची भाकरी खाऊन मोठा झालेला.

हायवेच्या कडेची ती शेड. ताब्यात आली तेव्हा उकिरडा होता तिथं. मी आणि हौसाबाईनं तो उपसला, मुरूम टाकला, चोपण्यानं चोपला. पाठीमागं मोरी बांधून घेतली, बायकांना आडोसा नको का? उन्हाळ्यात पत्रा तापायचा म्हणून वर उसाचं पाचट अंथरायचो. ती शेड मला माहेरासारखी होती, खोटं नाही सांगत. इतक्या लांब येऊन मला माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

भाऊजींचं लग्न ठरलं आणि त्यांची नोटीस आली, शेड आणि मशिनं त्यांची, मी सोडावीत म्हणून. घरातल्या घरात, टपालानं! हे म्हणाले, "अगं, सह्याबिह्या करून टाक, भाऊ आहे माझा." मी पाकीट घेऊन हौसाबाईबरोबर चिंचवडगावात तुमच्याकडं आले.

आता तुमची ती चिंचोक्यांची तऱ्हा. टेबलावर वाटीभर चिंचोके. मी कागद तुमच्या पुढं सरकवला तर तुम्ही तो परत माझ्याकडं ढकललात. "मी नाही वाचणार. तू वाच. मोठ्यानं. जो शब्द कळणार नाही त्याच्यावर चिंचोका ठेव."

"सदरहू..." मी ठेवला. "उपरोक्त..." ठेवला. "कामी..." ठेवला. कागद दिसेनासा झाला. हौसाबाई म्हणाली, "बाई, ह्यो कागुद हाय का सारीपाट?"

तुम्ही एकेक चिंचोका उचलत गेलात. सदरहू म्हणजे ‘ही’. उपरोक्त म्हणजे ‘वर सांगितलेली’. मिळकत म्हणजे तुझी शेड, यंत्रसामग्री म्हणजे तुझी मशिनं. शेवटी एकच चिंचोका राहिला. मशिनीच्या बिलाचा उल्लेख होता तिथल्या ‘हस्ते’ या शब्दावर. तो मी ठेवला नव्हता, मला तर शब्द कळत होता. तो तुम्ही ठेवलात.

"हस्ते म्हणजे काय गं?"

"माझ्या हातानं. मीच तर जाऊन आणलं ना."

"हस्ते म्हणजे तू नुसता हात. धड दुसऱ्याचं. मूर्ख बाई, स्वतःच्या धंद्यात तू मोलकरीण होऊन बसलीस आणि पावतीसुद्धा घेतलीस त्याची."

मला इतकं लागलं ते. मी शुद्ध बोलायचा प्रयत्न करत म्हणाले, "मला असे वाटले होते की..." तर तुम्ही डाफरलात, "शुद्ध बोलू नकोस. शुद्ध बोललीस की खोटं बोलतेस. तुझ्या भाषेत सांग."

मग मी परभणीच्या भाषेत सांगितलं, सगळं. दुहेरी तळव्यापासून. मी थांबले तेव्हा म्हणालात, "ऐक. मालकी म्हणजे कागद, तो त्याच्याकडं आहे. ताबा म्हणजे किल्ली, ती दोघांकडं आहे. आणि धंदा म्हणजे गिऱ्हाईक कुणाला हाक मारतं ते. स्टोअरकीपर कुणाला हाक मारतो?"

"मला."

"मग तेवढं धरून ठेव."

कायदा एवढा सोपा करून कुणी सांगितला असता मला? कबूल आहे. त्या दिवशी घरी जाताना मी चालत नव्हते, उडत होते. वाटलं, आता वकीलबाई भाऊजींना कोर्टात उभं करणार आणि न्यायाधीश सगळ्यांसमोर विचारणार, शेड कुणी उभी केली?

तुम्ही काय केलंत? भाऊजींना बोलावून घेतलंत. आणि त्यांना चहा दिलात! मला कधी न मिळालेला चहा. ते पाय पसरून बसले. म्हणाले, "वहिनींना काय कळतं हो धंद्यातलं? मी चार वेळा परवान्यासाठी खेपा घातल्यात. त्या नुसत्या शिवायच्या."

"अगदी खरं," तुम्ही म्हणालात. "म्हणूनच शेड तुमची. पावती तुमची, परवाना तुमचा. घ्या. हिला ही जुनी मशिनं काय ती देऊन टाका आणि लिहून द्या की हातमोज्यांच्या धंद्याशी तुमचा संबंध नाही. तुम्ही कशाला शिवत बसताय?"

एका पानाचा कागद. त्यात एकही सदरहू नव्हतं. भाऊजींनी भराभर वाचून सही ठोकली, जिंकल्याच्या थाटात. मग माझ्याकडं हात पुढं केला. किल्ली. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही टेबलावरचे चिंचोके वाटीत भरत होतात. मी किल्ली दिली.

ते गेले आणि मी फुटले. "काऊन दिली माझी शेड? मला भांडायचं होतं!"

"कुठं, कोर्टात?"

"व्हय, कोर्टात."

"किती वर्षं?"

"लागतील तितकी."

"तोवर हातमोजे कोण शिवणार, मी? शनिवारी माल द्यायचाय ना तुला? गिऱ्हाईक तारखांवर थांबत नसतं."

"पण शेड माझी होती. मला निकाल पायजे होता."

"निकाल काय चाटायचाय? मिटवून घे, गोदावरी. घर चालव."

मी तुमच्या तोंडावर म्हणाले होते, "तुम्हाला लढायची भीती वाटती." हौसाबाईनं माझा दंड धरून मला जिन्यातून खाली आणलं. मागून तुम्ही दार धाडकन लावलंत.

शनिवारी माल गेला, तुमचं खरं झालं. हौसाबाईनं तात्यांची खोली बघून दिली. परवाना माझ्या नावावर काढायला मला पुन्हा तुमच्याच दारात यावं लागलं. त्या अर्जाच्या वेळची गंमत मंडळातल्या बायका अजून सांगतात. तुम्ही विचारलंत, "नवऱ्याचं नाव?" मी खाली मान घालून बसले. तुम्ही टेबलावर पेन आपटलंत. "या नावापायी शेड गेली आणि तरी तोंड उघडत नाही तुझं?" तर हौसाबाई म्हणते, "उखाण्यात घे की गं!" आणि मी, कायद्याच्या त्या जाड पुस्तकांसमोर, पदर सावरून,

"पिंपरीच्या बाजारात कॅनव्हासचा गठ्ठा,
किसनरावांचं नाव घेते, करू नका थट्टा."

तुम्हाला हसताना मी तेवढंच एकदा बघितलं. लगेच तोंड आवळून म्हणालात, "थट्टा नाही. इथं सही कर, आणि सहीत किसनराव नको. फक्त तुझं नाव." तात्यांच्या भाडेपावतीवरही तुम्ही माझंच नाव घालायला लावलंत. हस्तेबिस्ते काही नाही. तात्या म्हणाले होते, "बाईच्या नावानं पावती? हे आपलं काय तरीच." तुम्ही म्हणालात, "बाईच्या हातचं भाडं चालतं ना? मग नाव चावत नाही."

उपकार आहेत, वकीलबाई, नाही कुठं म्हणते? पण बसमधून चिंचवडकडं जाताना ती शेड आली की मी आजही दुसऱ्या बाजूला तोंड करते. भाऊजींनी तिथं टायरचं दुकान घातलंय. माझ्या मुरुमावर. माझी मोरी तेच वापरतात. आणि येताजाता लोकांना सांगतात, "वहिनींना मीच मार्गाला लावलं." निकाल असता तर ही जीभ चालली असती का? प्रत्येक खेपेला मी तुम्हाला हे विचारलं आणि प्रत्येक खेपेला तुम्ही म्हणालात, "माल गेला का शनिवारचा?"

म्हणून मी तुम्हाला भित्री समजत आले. परवापर्यंत.

परवा शोकसभेत तुमचे भाऊ बोलायला उठले. पांढरा झब्बा, हातात रुमाल. "ताई फार करारी. वडिलांच्या घरावरून आमच्यात कोर्टात एक छोटासा वाद चालू होता, कित्येक वर्षं. ताईनं कधी माघार घेतली नाही. पण आता तो वाद देवानंच मिटवला." लोकांनी माना हलवल्या. कुणी तरी हळहळलं सुद्धा.

हौसाबाई माझ्या कानाशी फुसफुसली, "देवानं मिटवला? आगं, ती मेली म्हंजे ह्योच जिकला की!"

मला सगळं कळलं, कारण तुम्हीच शिकवलंय. लग्न न केलेली बाई. मूल नाही, आईवडील नाहीत, मृत्युपत्र निघालं नाही. मग तिचा हिस्सा कुणाकडं जातो? ज्याच्याशी ती आयुष्यभर भांडली त्याच भावाकडं. वर तोच तुमच्या फोटोला हार घालतो आणि आम्ही सतरंजीवर बसून बघतो.

तुम्ही लढत होतात! आम्हा सगळ्यांना मिटवायला सांगून स्वतः तारखांना जात होतात. आम्हाला म्हणायचात, उद्या शिवाजीनगरच्या कोर्टात काम आहे, येऊ नका. आम्हाला वाटायचं कुणा पक्षकाराचं असेल. एका शब्दानं बोलला नाहीत. मी तुम्हाला भित्री म्हणाले त्या दिवशी सुद्धा नाही. का? मी सहावी शिकलेली, मला काय कळणार म्हणून? की माझ्यासमोर तुम्हाला आपली हार दाखवायची नव्हती?

आणि मला जे मिटवायला लावलंत ते कशापायी? कोर्टात माणसाचं काय होतं हे तुम्ही भोगत होतात, म्हणून मला त्यातून वाचवलंत? की तुम्हाला वाटलं, ही उखाण्यात नाव घेणारी बाई, हिला काय झेपणार? यातलं एक मनात आलं की माझ्या डोळ्याला पाणी येतं आणि दुसरं आलं की तुमच्या दारावर जाऊन लाथ मारावीशी वाटते. आणि सांगायला तुम्ही नाही. स्वतःचं मृत्युपत्र करायचं राहिलं, वकीलबाई? लोकांच्या बायकांना धाक घालून करायला लावलीत, आणि स्वतःचं नाही? मूर्ख बाई, हा तुमचाच शब्द, आज मी तुम्हाला परत करते.

सभेतून आले ती तडक तात्यांच्या ओट्यावर गेले. इथं माझं कोण आहे? हे म्हणतात, पुन्हा नको गं कटकट. माझे भाऊ परभणीला. तात्यांचं सगळं गाव आहे.

म्हटलं, "तात्या, मी मिटवणार नाही."

"म्हंजे?"

"पावती माझ्या नावाची, किल्ली माझ्याकडं, परवाना माझा. तुम्हाला जागा पाहिजे तर नोटीस काढा. मी उत्तर देईन."

तात्या हसले. "कोण लढणार तुमची केस? तुमची वकीलबाई तर गेली."

"दुसरी बघीन. नाही मिळाली तर मी स्वतः उभी राहीन आणि माझ्या भाषेत सांगीन."

त्यांनी तंबाखू झटकली आणि म्हणाले, "लई वर्सं जातील, बाई."

"जाऊ द्या."

घरी आल्यापासून मला झोप नाही. शनिवारचा माल, तारखा, वकील, सगळं कसं जमणार ठाऊक नाही. तुम्ही असतात तर ओरडला असतात. कदाचित तुमचंच खरं असेल आणि मी या खोलीबरोबर धंदाही घालवून बसेन. पण परवा त्या झब्ब्यातल्या माणसाच्या तोंडून ‘मिटवला’ ऐकल्यापासून माझ्याच्यानं तो शब्द मान्य होत नाही.

तुमचं माझ्यावर ऋण आहे. फुलांनी आणि स्मरणिकेनं ते फिटायचं नाही. तुम्हाला तुमच्या नावावर एक निकाल हवा होता, तो तुमच्या हयातीत लागला नाही. मी या खोलीचा लावून घेईन, शेवटपर्यंत जाऊन. बाजूनं लागो की विरुद्ध, त्यावर एका बाईचं नाव असेल. तो कागद घेऊन तुमच्या भावाच्या दारात उभी राहीन आणि मोठ्यानं वाचून दाखवीन. जिंकले तर तुमची फेड झाली म्हणेन. हरले तर त्याच दारात कबूल करीन की वकीलबाई, तुमचं बरोबर होतं. तोवर हे भांडण मिटलं असं कुणी म्हणायचं नाही.